लाजेचे दुखणे

काही दुखणी अशी असतात की, ती झाली असता मनुष्य चारचौघांत मोठ्या हौसेने त्यांची हकीकत सांगतो. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी ही त्या जातीची होत. रविवारची मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात जमली म्हणजे आमच्या वयाचे गृहस्थ एकमेकांच्या रक्तातील साखरेचे आकडे असे विचारतात की, जणू शाळेतील गुणच विचारीत आहेत. परंतु दुसरी काही दुखणी अशी आहेत की, ती झाली असता मनुष्य मुकाट होतो. गजकर्ण हे त्यांपैकी एक. त्याने कोणी मरत नाही, अंथरुणासही खिळत नाही. मात्र ते अशा जागी होते की दाखविण्याची लाज वाटते, आणि अशा वेळी खाजते की लपविणे अशक्य होते. हे दुखणे आम्हास वयाच्या सत्तराव्या वर्षी झाले. त्याची हकीकत सांगण्यास आम्ही एवढी वर्षे धजलो नाही. आज सांगत आहोत. कारण त्यात केवळ आमच्या कातडीची गोष्ट नाही, आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाचीही आहे.

आम्ही बेळगावचे राहणारे. आयुष्य मराठी शाळेत शिकविण्यात गेले, त्यामुळे गल्लीत लहानथोर सर्व आम्हास 'गुरुजी' म्हणतात. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला असेल त्यांस ठाऊक आहे की, आषाढ-श्रावणात तेथे कपडे वाळत नाहीत, ते फक्त कमी ओले होतात. असे दमट कपडे अंगावर घालावयाचे, त्यावर पट्टा आवळावयाचा, आणि दिवसभर घामाची व ओलीची सांगड सोसावयाची हा पावसाळ्याचा नित्यक्रम. तथापि आमचे दुखणे पावसाळ्याआधीच, २०२२ च्या मे महिन्यात सुरू झाले होते. कमरेवर, नेमका पट्ट्याच्या खाली, रुपयाएवढा एक तांबूस डाग उठला. कडा उंच, मध्यभाग निवळलेला. आम्ही तो कोणास दाखविला नाही. औषधाच्या दुकानात गेलो, तेथील तरुणाच्या कानाशी लागून हळूच सांगितले, आणि त्याने तितक्याच हळूपणे एक मलमाची नळी पुढे केली. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने मागितली नाही, आणि आमच्याजवळ ती नव्हतीही.

त्या मलमाचा गुण पाहून आम्ही थक्क झालो. तीन दिवसांत खाज थांबली, तांबूसपणा मावळला. आम्ही मनोमन त्या तरुणास आशीर्वाद दिला. पण नळी संपताच डाग परत आला, आणि या वेळी तो एकटा नव्हता. आम्ही दुसरी नळी आणली, मग तिसरी. जुलै सरता सरता कमरेभोवती पसरट, कडा नसलेली, धड ओळखू न येणारी अशी एक विचित्र आकृती तयार झाली होती.

हे मलम काय होते ते आम्हास पुढे कळले. त्यात बुरशीनाशक द्रव्य होते, पण त्याच्या जोडीला स्टेरॉईडही होते. स्टेरॉईड कातडीची आग आणि खाज तत्काळ शमविते. परंतु ती आग म्हणजे शरीराने शत्रूविरुद्ध मांडलेला लढाच असतो. लढा थांबला म्हणजे गावात शांतता दिसते खरी, पण शत्रू वेशीच्या आतच असतो आणि निर्धास्तपणे हातपाय पसरतो. अशाने रोगाचे मूळ रूप पुसले जाते, आणि जाणत्या डॉक्टरांसही तो ओळखणे कठीण होते. अशी स्टेरॉईडमिश्रित मलमे आपल्या देशात वर्षानुवर्षे किराणा मालासारखी विकली गेली. २०१८ साली केंद्र सरकारने लावण्याची अनेक स्टेरॉईड औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम चांगला आहे. तो मोडण्यास दुकानदार जितका कारण, तितकेच आमच्यासारखे कुजबुजत मागणारे गिऱ्हाईकही कारण, हे मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ऑगस्टमध्ये आमच्या पत्नीस तोच विकार झाला, आणि पाठोपाठ नातवाच्या मानेवर एक लहानसे वर्तुळ दिसू लागले. घरात खळबळ उडाली. हे आले कोठून? याच सुमारास सूनबाईंच्या लक्षात आले की, धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईच्या डाव्या हातावर कोपरापाशी तसलाच डाग आहे. झाले! कोडे सुटले. घरातील सर्वांच्या नजरा एकाच दिशेस वळल्या. तिला बोलावून 'तुझ्यामुळे आमच्या मुलाला रोग झाला, उद्यापासून येऊ नकोस' असे सांगण्याचे काम आमच्याकडे आले, कारण आम्ही वडीलधारे. आम्ही ते केले. महिन्याचा पगार चुकता केला आणि आपण फार उदारपणे वागलो असेही मानले. ती बाई बारा वर्षे आमच्या घरी येत होती. तिने मान खाली घालून पदराने तो हात झाकला आणि काही न बोलता निघून गेली. आमच्या कमरेवर, तीन महिन्यांपूर्वीपासून, काय होते हे आमच्याखेरीज त्या खोलीत कोणासही नीट ठाऊक नव्हते. आणि आम्ही बोललो नाही.

वाचकहो, येथे थोडे मागे वळून पाहणे आवश्यक आहे. कारण हे दुखणे आमच्या घराण्यास नवीन नव्हते.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, गजकर्णावर घरोघरी टाकळ्याची पाने वाटून लावीत. पावसाळ्यात उकिरड्यावरही उगवणारी ही भाजी. पण तिचे संस्कृत नावच 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारी. आमची आजी मूळची बारदेशची. ती गोवा पावडरीची आठवण सांगे. ही तपकिरी-पिवळी भुकटी गोव्याहून येई आणि मुंबईपर्यंत गजकर्णावरील रामबाण म्हणून विकली जाई. तिने अंगावरचे कपडे कायमचे डागाळत, कातडी भाजून निघे, आणि चुकून हात डोळ्यास लागला तर डोळे सुजत. ती कोठे तयार होते हे बराच काळ एक गूढच होते. १८७५ च्या सुमारास ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर सिल्वा लिमा यांनी दाखवून दिले की, ती ब्राझीलच्या अरण्यातील अरारोबा नावाच्या वृक्षाच्या खोडातील भेगांत साठणारी भुकटी आहे. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यास येई आणि तेथून गोव्याचेच नाव घेऊन जगभर जाई. ब्राझीलच्या झाडाने औषध द्यावे आणि नाव गोव्याचे व्हावे, ही नावांची गंमत आहे. या गमतीकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

आमच्या धाकट्या भावास डोक्यात गजकर्ण झाले ते १९६५ च्या सुमारास. केस झडून टक्कलाचे चट्टे पडले. न्हाव्याने त्यास पाटावर बसविण्यास नकार दिला, आणि वर्गात त्याच्याशेजारी कोणी बसेना. पाने झाली, जांभळे औषध झाले, मलमे झाली, गुण नाही. याचे कारण आम्हास आज कळते. गजकर्ण हा किडा नव्हे. इंग्रजी नावात किडा आहे, आपल्या नावात हत्तीचा कान आहे. आणि दोहोंचाही रोगाशी काही संबंध नाही. ती एक बुरशी आहे. पॅरिसमध्ये ग्रुबी नावाच्या डॉक्टराने १८४१ च्या सुमारास डोक्याच्या अशा रोगात सूक्ष्मदर्शकाखाली ती बुरशी पाहून दाखविली. ती केराटिन नावाच्या पदार्थावर जगते, म्हणजेच कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखे यांवर. केसाच्या मुळाशी, कातडीच्या आत जेथे तिचे ठाणे असते, तेथवर वरून लावलेले औषध पोचतच नाही. बाहेरून भिंत कितीही सारवली तरी आतील वाळवी मरत नाही, तसेच हे आहे.

म्हणूनच एकेकाळी डोक्याच्या गजकर्णावर युरोपात क्ष-किरणांनी मुलांचे सारे केस पाडीत. केस गेले की बुरशीही जाईल हा विचार. इस्राएल देशात १९४८ ते १९६० या काळात, बाहेरून येऊन वसलेल्या हजारो मुलांवर हा उपचार झाला. पुढे त्यांतील कित्येकांस डोक्यात गाठी झाल्या, कंठग्रंथीचे कर्करोग झाले. १९९४ साली तेथील सरकारने त्यांना भरपाई देण्याचा कायदा केला. एका क्षुल्लक दुखण्याची घाई माणसास कोठवर नेते याचे हे दारुण उदाहरण आहे.

या साऱ्यावर उतारा निघाला तोही एका बुरशीतूनच. १९३९ साली लंडनमध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार या तीन शास्त्रज्ञांनी पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीपासून ग्रायसिओफल्विन नावाचा पदार्थ वेगळा केला. पेनिसिलिनचाच हा चुलत भाऊ. पण जंतूंवर त्याचा परिणाम होईना, म्हणून तो बाजूस पडला. पुढे वनस्पतींवरील बुरशीच्या अभ्यासात त्याची पुन्हा गाठ पडली. १९५८ साली ग्लासगो येथील जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिग या प्राण्यांस तो पोटातून दिला आणि ते प्राणी बरे झाले. लवकरच तो माणसांस देण्यात आला. शतकानुशतके वरून लेप लावून न हटणारा रोग पोटात घेतलेल्या गोळीने हटू लागला. घराच्या मुख्य दारावर ठोठावून थकलेल्या माणसास मागील दार उघडे सापडावे, तसे हे झाले.

ही गोळी काम करते तीही मोठ्या सौम्यतेने. ती बुरशीस ठार मारीत नाही. रक्तावाटे ती नव्याने घडणाऱ्या कातडीत आणि केसांत जाऊन बसते. असा नवा थर बुरशीस खाता येत नाही. बुरशी वाढू शकत नाही, आणि जुना, बाधलेला थर जसजसा गळत जाईल तसतशी तीही त्याच्याबरोबर गळून पडते. म्हणजे रोग बरा होण्याचा वेग औषधाच्या हाती नसून कातडीच्या व केसांच्या वाढीच्या हाती असतो. म्हणूनच गोळ्या आठ आठवडे, कधी अधिकही घ्याव्या लागतात. आमच्या भावास त्या तशाच दिल्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितले होते की, ही गोळी स्निग्ध अन्नाबरोबर घेतली तर अंगी लागते. आमची आई निरक्षर होती. परंतु एकही दिवस तिने तूपभात वाढल्याशिवाय गोळी दिली नाही, आणि डोके बरे दिसू लागल्यावरही, 'डॉक्टरांनी थांब म्हटले नाही' एवढ्या एका कारणासाठी तिने ती चालू ठेवली. भावाचे केस पुन्हा दाट आले.

आता त्या निरक्षर आईचा हा पदवीधर मुलगा काय करता झाला ते ऐका.

बाईंना काढून टाकल्यावर आम्ही एकदाचे एका डॉक्टरांकडे गेलो, पण उभ्याउभ्या. त्यांनी गर्दीत पाहून न पाहिल्यासारखे केले आणि इट्राकोनाझोल नावाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. आम्ही त्या सकाळी अनशापोटी घेतल्या. त्याच वेळी आमची पित्ताची नेहमीची गोळीही घेतली. पंधरा दिवसांत खाज थांबली, तेव्हा उरलेल्या कॅप्सूल कपाटात ठेवून दिल्या. न जाणो पुढे कोणास लागतील! सप्टेंबरात, मारिया मातेच्या जन्मोत्सवाच्या आठवड्यातच, सारे परत आले. नव्या तांदळाची खीर पुढ्यात होती आणि आम्ही खुर्चीत नीट बसू शकत नव्हतो.

अखेर मुलाने आम्हास हाताला धरून एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी प्रथम आमची सर्व औषधे पिशवीसकट मागविली. मग कातडीची साल किंचित खरवडून काचेवर घेतली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 'गुरुजी, तुम्हीही पाहा,' असे म्हणून त्यांनी आम्हास जागा करून दिली. काचेच्या त्या वर्तुळात सालीच्या फिकट ठिगळांमधून बारीक, फांद्या फुटलेले धागे गेलेले दिसत होते. नकाशावरील नद्यांसारखे. इतके दिवस ज्याची आम्हास लाज वाटत होती ती वस्तू ही! त्या धाग्यांत लाजण्यासारखे काही नव्हते. पावात किंवा लोणच्यावर बुरशी धरते, तशी ती आमच्यावर धरली होती.

मग बाईंनी आमच्या चुका एकेक करून मोजल्या. इट्राकोनाझोलची कॅप्सूल विरघळण्यास जठरातील आम्ल लागते. म्हणून ती भरल्यापोटी घ्यावयाची. आम्ही ती उपाशीपोटी घेतली, आणि वर पित्ताच्या गोळीने उरलेसुरले आम्लही मारले. औषध पोटात गेले, पण अंगात गेलेच नाही. शिवाय आमची कोलेस्टेरॉलची जी गोळी होती ती या औषधाबरोबर घेणे धोक्याचे होते. दोन्ही एकत्र आल्यास ती गोळी रक्तात साचून स्नायूंस इजा करू शकते. ती त्यांनी बदलून दिली. हृदय दुबळे असलेल्यास हे औषध देत नाहीत, म्हणून त्यांनी छाती तपासली, पायांवर सूज पाहिली. यकृतासाठी रक्ताची तपासणी करविली. 'पोटात घ्यावयाचे औषध म्हणजे साऱ्या शरीराला दिलेले औषध. ते एका डागासाठी म्हणून घेतले तरी जाते सगळीकडे,' असे त्या म्हणाल्या. केटोकोनाझोल नावाची अशीच एक गोळी १९८० च्या दशकापासून फार वापरात होती. यकृतास होणाऱ्या इजेमुळे २०१३ साली युरोपात तिचा असा वापर थांबविण्याची शिफारस झाली आणि अमेरिकेतही त्यावर कडक मर्यादा आल्या, हेही त्यांनी सांगितले.

आम्ही विचारले, 'पूर्वी महिन्याभरात बरे होणारे हे दुखणे हल्ली एवढे चिवट का झाले?' त्यावर त्यांनी जे सांगितले ते मन लावून ऐकण्यासारखे होते. टर्बिनाफिन नावाची एक उत्तम गोळी १९९० च्या दशकात बाजारात आली. बुरशीच्या पेशीच्या वेष्टणास लागणारा एक पदार्थ बनविणारे यंत्रच ती बंद पाडते, त्यामुळे बुरशी नुसती थांबत नाही तर मरते. पुष्कळ वर्षे तिने जगभर उत्तम काम दिले. परंतु गेल्या दशकाच्या मध्यापासून आपल्या देशात गजकर्णाची जणू साथच पसरली, आणि तिच्यात अशी एक बुरशी पुढे आली की, जिच्या त्या यंत्राची घडणच थोडी बदललेली आहे. किल्ली तीच, कुलूप बदललेले. त्यामुळे टर्बिनाफिन अनेकांस लागू पडेनासे झाले. स्टेरॉईडमिश्रित मलमे आणि अर्धवट सोडलेले उपचार यांनी या साथीस खतपाणी घातले असे जाणकार मानतात. या बुरशीस २०२० साली जपानी संशोधकांनी स्वतंत्र नाव दिले: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच हिंदुस्थान आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रोगी आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

बाईंनी ते नाव उच्चारले तेव्हा आम्हास कसेसेच झाले. ब्राझीलच्या औषधास गोव्याचे नाव मिळाले ते आम्ही कौतुकाने सांगत होतो. पण जगभर हिंडणाऱ्या रोगास आपल्या देशाचे नाव मिळाले हे ऐकून वाटले की, हा कोणता न्याय? बुरशीस का देश असतो? कोठे प्रथम दिसली यावरून एका समाजावर शिक्का मारावा काय? मनात हा युक्तिवाद रंगत असतानाच बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. 'घरात पहिल्यांदा कोणाला झाले?'

मुलगा चटकन म्हणाला, 'कामाच्या बाईंना. त्यांना आम्ही काढून टाकले.'

'त्यांना कधी झाले?'

'ऑगस्टमध्ये दिसले.'

बाईंनी आमच्याकडे पाहिले. कमरेवरची ती मलमांनी बिघडलेली कातडी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. 'आणि गुरुजी, तुम्हाला?'

'मे महिन्यात,' आम्ही म्हणालो.

पुढे कोणी काही बोलले नाही. बाईंनी चिठ्ठी लिहिण्यास सुरुवात केली. आमचा मुलगा खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी येईपर्यंत एक गोष्ट आम्हास आठवली आणि ती आठवल्यावर झोप लागेना. जूनच्या आरंभी आम्ही आमचा एक जुना पंचा त्या बाईस दिला होता. 'अजून चांगला आहे, हात पुसायला होईल,' असे म्हणून. शिवाय घरादाराचे ओले कपडे तीच पिळीत होती. हा रोग कोणी कोणास दिला हे शपथेवर सांगणे अवघड आहे. पण महिन्यांचा हिशेब सरळ होता. आमच्या लाजेपायी जे आम्ही लपविले त्याचा दोष आम्ही तिच्या हातावर पाहिला होता.

उपचार दोन महिने चालला. जेवण पोटभर झाल्यावर कॅप्सूल. पित्ताची गोळी बंद. दोघा नवराबायकोंचे टॉवेल वेगळे. अंगास लागणारे कपडे गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून घालावयाचे. स्टेरॉईडचे मलम कचऱ्यात. नातवाचा डाग लहान म्हणून त्यास केवळ बुरशीनाशक मलम दिले. तीन आठवड्यांत आम्हास पूर्ण बरे वाटू लागले. तेव्हा मोह झाला, पण आईचा तूपभात आठवला आणि थांबलो नाही. नोव्हेंबराच्या अखेरीस बाईंनी पुन्हा साल तपासली. धागे नव्हते.

कातडी निवळली, मन निवळले नव्हते. आगमनकाळात आम्ही पापनिवेदनास गेलो आणि फादरांपुढे ही सारी हकीकत सांगितली. आमची समजूत अशी होती की, येथे सांगितले म्हणजे ओझे उतरेल. फादर वयाने आमच्या मुलाएवढे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'गुरुजी, हे तुम्ही त्या बाईंना सांगितले का?' आम्ही गप्प राहिलो. मग त्यांनी डोंगरावरील प्रवचनाची आठवण करून दिली. वेदीपाशी अर्पण आणणाऱ्याने आधी कोठे जावे याविषयी प्रभूने जे सांगितले आहे त्याची. 'प्रायश्चित्त म्हणून तिच्या घरी जा,' ते म्हणाले.

आम्ही गेलो. पत्नी बरोबर होती. दोन खोल्यांचे घर. दोरीवर कपडे, आणि त्यांत आमचा तो पंचाही. बाईच्या हातावरचा डाग खांद्यापर्यंत गेला होता. तिच्या नवऱ्याच्या पाठीवर, धाकट्या मुलीच्या पोटावरही तसलेच डाग होते. गरोदर सुनेच्या मानेवर एक. औषधास पैसे नव्हते, म्हणून दुकानातून दहा रुपयांचे काहीतरी आणून लावीत होते. आम्ही उभ्यानेच सांगितले की, रोग आधी आमच्या अंगावर होता, आम्ही तो लपविला आणि दोष तिला दिला, आमचे चुकले. तिने खुर्ची पुसून पुढे केली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'गुरुजी, त्या दिवशी एक शब्द इचारला असतासा तर मी सांगितलं असतं की वो, कवा उठलं ते.'

एवढेच. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि केली नाही असेही नाही. आम्ही त्या सर्वांस त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेले. सुनेस पोटात घेण्याचे औषध त्यांनी दिले नाही. गरोदरपणी ते टाळतात म्हणून केवळ मलम दिले. बाकीच्यांस गोळ्या, आणि सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा ही ताकीद. कारण एक जरी वगळला तरी तो साऱ्या घरास पुन्हा रोग देतो. वसंतापर्यंत ते घर बरे झाले. बाई मात्र आमच्याकडे परत आली नाही. तिने दुसरीकडे काम धरले होते. नाताळास आम्ही नेवऱ्या पाठवितो. दिवाळीस तिच्याकडून चकली येते. एवढा संबंध राहिला. बारा वर्षांचा जो होता तो राहिला नाही.

मिस्सेत कुष्ठरोग्याच्या बरे होण्याचा पाठ वाचला जातो तेव्हा आम्ही पूर्वी त्या चमत्काराकडे पाहत असू. आता आमचे लक्ष दुसरीकडे जाते. प्रभूने त्या मनुष्यास दुरूनही बरे केले असते. पण त्याने हात पुढे करून त्यास स्पर्श केला. ज्यास कोणी शिवत नव्हते त्यास आधी शिवला. आम्ही तर आमच्याच घरातील दुखण्यासाठी एका बाईस हात पदराखाली लपविण्यास लावले.

वाचकहो, शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. अंगावर वर्तुळ उठले तर ते लपवू नका. दुकानात कुजबुजू नका. त्वचेच्या डॉक्टरांस दाखवा. आपण घेत असलेली सर्व औषधे, पोटात वा कूस वाढत असल्यास तीही गोष्ट, आणि यकृताचे वा हृदयाचे जुने दुखणे त्यांस सांगा. गोळी कशी घ्यावयाची, जेवणापूर्वी की नंतर, हे नीट विचारून घ्या, आणि खाज थांबली म्हणून ती थांबवू नका. कारण खाज थांबते तेव्हा बुरशी फक्त गप्प झालेली असते. घरात ज्यांस ज्यांस झाले असेल त्या सर्वांनी एकदम उपचार घ्या. त्या 'सर्वां'त आपल्या घरी काम करणारी माणसेही मोजा.

आणि 'हे कोणाकडून आले' हा प्रश्न घरात निघेल, तेव्हा वडीलधाऱ्याने आधी आपली कंबर पाहावी.